टोचन लावून आणलेला ट्रॅक्टर

लोक अजूनही विचारतात, तुमच्या पाड्यावर ट्रॅक्टर आला कसा? मी सांगते, टोचन लावून आला. भाजी वाहणाऱ्या जुन्या पिकअपच्या मागे साखळीने बांधून, सायखेड्यापासून पार सुरगाण्याच्या डोंगरापर्यंत. मग ते विचारतात, ट्रॅक्टरवर कोण बसलं होतं? मी, म्हणून सांगितलं की हसतात. हसू देत. हसणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी घाटात नव्हता.

आमच्याकडे भात कापून झालं आणि दिवाळी सरली की घरांना कुलपं लागतात. मुकादम गाडी घेऊन येतो, माणसं मोजून भरतो आणि खाली निफाडकडच्या द्राक्षबागांत नेऊन सोडतो. होळीला परत. लग्न होऊन आले तेव्हापासून मीही अशीच जात होते. सायखेड्यात थंडीचं धुकं नदीवरून किती वाजता उठतं, बागमालकाच्या गच्चीवर ऊन कधी येतं, सगळं मला ठाऊक. पण मार्गशीर्षात माझ्या स्वतःच्या दारातून सूर्य कुठून उगवताना दिसतो, ते ठाऊक नव्हतं. एकदा बागेत डहाळ्या बांधता बांधता हे माझ्या लक्षात आलं आणि अशी चीड आली की हातातली सुतळी तुटली.

घरी राहायला अडचण एकच होती. आमच्या शेताला ओहोळाचं पाणी आहे, भातानंतर हरभरा येईल, भाजी येईल. पण भाताची जमीन सुकली की दगड होते आणि ती नांगरायला बैल नव्हते. बैल ठेवायचे तर कुणीतरी घरी राहायला हवं, आणि घरी राहायचं तर बैल हवेत. या चक्रात सासूची उभी हयात गेली. माझीही जायची होती. ट्रॅक्टरला मात्र चारा लागत नाही.

सायखेड्याच्या मालकांनी नवा ट्रॅक्टर घेतला, जुना शेडमागे बोरीखाली लावून दिला. त्याच्यावर माझ्या नवऱ्याने कितीतरी फवारण्या केल्या होत्या. डिझेलचा पंप गेला होता, बाकी गडी शाबूत होता. आमच्याकडचा मिस्त्री पंप करून देतो म्हणाला. मग व्यवहार झाला, कागद झाले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते आणायला गेलो त्या सकाळचं. नणंदेच्या घरचा पिकअप मागून घेतला होता. नवरा चालवायला, शेजारी सासू, आणि मी.

मालक वाईट माणूस नाही. पण त्या दिवशी त्यांना गंमत वाटत होती. पिकअपकडे बघून नवऱ्याला म्हणाले, "ह्या टिनपाटानं नेणार तू? तुमच्या डोंगरात बकरी चढताना धापा टाकती. वाटंत सोडून याल, मंग मलाच फोन कराल." मग सासूकडे वळले, "मावशी, छाटणीची कामं पडलीत. ट्रॅक्टरचं खूळ झालं की येताय ना?"

"बघू," सासू म्हणाली. तिचं 'बघू' म्हणजे 'नाही' असतं, पण ते घरच्यांनाच कळतं.

तोवर मी पदर खोचून ट्रॅक्टरच्या सीटवर चढले होते. ते बघून मालकांचं हसू गेलं. "आरं, तिला कशाला बसवतो? माझा ड्रायव्हर देतो ना दिवसभर."

"ब्रेक मलाबी मारता येतो, मालक," मी म्हणाले. "तुमच्याच बागेत शिकले."

ते खरंच होतं. ट्रॉली भरताना ट्रॅक्टर पुढेमागे घ्यायला नवऱ्याने मला शिकवलं होतं.

टोचनवरच्या गाडीत बसलेल्याला एकच काम असतं, साखळी सैल पडू द्यायची नाही. पुढचा हळू झाला की आपण ब्रेक दाबायचा, नाहीतर त्याच्या पाठीत जाऊन आदळायचं. इंजिन बंद, त्यामुळे पुढच्या गाडीचा आवाज तेवढा ऐकू येतो आणि स्टीअरिंग जात्यासारखं जड लागतं. पिंपळगावात एका टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "वहिनी, स्टार्ट करायला इसरल्या का?" मी म्हटलं, "तुमचा बंद पडला की आवाज द्या, तुम्हालाबी बांधून नेते." दोन पोरांनी मोबाईलवर शूटिंग केलं. मी मान वर करून बसले. दिसायचंच आहे तर नीट दिसू.

वणी मागे पडली, चढ लागला. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. घाटाच्या शेवटच्या वळणावर मात्र पिकअप जागच्या जागी गुरगुरायला लागला. मागची चाकं गरागरा फिरत होती, रबराचा वास सुटला होता आणि गाडी तसूभर पुढे जात नव्हती. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला. मागे दरी. सासू उतरली, तिने मोठा धोंडा उचलून ट्रॅक्टरच्या चाकामागे टाकला, दुसरा दुसऱ्या चाकामागे. मग कुठे मी श्वास घेतला.

नवरा चाकांकडे बघत उभा राहिला. "हौदा रिकामा हाय," तो म्हणाला. "मागं वजन नाय. चाक रस्ता धरीत नाय."

मग आम्ही तिघं दगड वेचून हौद्यात टाकायला लागलो. कडेला होते तेवढे टाकले. पुन्हा गाडी लावली. हातभर सरकली आणि पुन्हा चाकं फिरायला लागली. मला मालकांचा चेहरा दिसायला लागला, फोन उचलून 'सांगितलं होतं ना' म्हणतानाचा. रडू येत होतं, पण मी ते गिळलं. ट्रॅक्टर तिथे राहिला असता तर दोन दिवसांत आम्हीही मुकादमाच्या गाडीत असतो, हे तिघांनाही कळत होतं.

आणि नेमकी तीच गाडी समोरून उतरत आली. मुकादमाची. आमच्याच पाड्यावरची माणसं दाटीवाटीने उभी, गाठोडी, हंडे, चुलीसाठी लाकडं. रस्ता आम्ही अडवलेला, म्हणून त्याला गाडी कडेला घेऊन थांबावंच लागलं.

"गाडी पुढं जोडून वढ लाव," नवऱ्याने त्याला सांगून पाहिलं.

"येळ नाय. मालक वाट बघतो. बाजूला घ्या तुमचं धूड." मग मागे वळून तो माणसांवर ओरडला, "कोणी उतरायचं नाय."

हे ऐकून पहिली कोण उतरली असेल, तर माझी शेजारीण. तिच्या कोंबड्या माझ्या वाळवणात शिरल्या यावरून गेलं वर्षभर आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. तिने हंडा खाली ठेवला, हौद्यातल्या दगडांकडे पाहिलं, जागीच फिरलेल्या चाकांच्या काळ्या खुणा पाहिल्या आणि तिला सगळं समजलं. कासोटा आवळून ती आमच्या पिकअपच्या हौद्यात चढून बसली. मला म्हणाली, "ट्रॅक्टरसाठी बसले. तुझ्यासाठी नाय."

मग भराभर सगळेच उतरले आणि सगळेच चढले. दगडांवर माणसं. मुकादम हात हलवत राहिला, पण उतरलेल्या माणसाला पुन्हा भरणं सोपं नसतं. नवऱ्याने गाडी गिअरमध्ये टाकली. मागचे टायर दबले, रस्त्याला चिकटले. साखळी ताणली. मी ब्रेक सोडला. आणि तो भला मोठा लोखंडी जीव मला घेऊन सावकाश वर निघाला. सासू हातात धोंडा घेऊन चाकामागून चालत होती, पुन्हा थांबलंच तर टाकायला. थांबलं नाही.

माथ्यावर सपाटी आली तसे सगळे खाली उतरले. मुकादम मागून चालत, धापा टाकत वर आला. त्याचा राग आता सासूवर होता. "झालं ना तुमचं? आता तुमची तीन माणसं कवा येणार? मी मालकाला माणसं मोजून सांगितलीत. कमी पडली तर काय भरू तिथं?"

सासूच्या हातात तो धोंडा तसाच होता. तो तिने हौद्यातल्या दगडांवर टाकला आणि हौद्याकडे बोट केलं. "हे दगड ने आमच्या जागी. तुला मोजायलाच पायजेत ना? मोजून घे."

माणसं पोट धरून हसली. मुकादम हसला नाही. मला हसू आलं नाही, मला अभिमान वाटला. जन्मभर 'बघू' म्हणणारी ही बाई 'नाही' म्हणाली होती, आणि तेही सगळ्यांसमोर.

पण नंतर ती माणसं उतारावरून चालत खाली गेली, गाडीत बसली आणि निघून गेली. ज्यांच्या वजनाने आम्ही वर चढलो, त्यांना खाली जायचंच होतं. शेजारीण जाताना वळून म्हणाली, "राहतेसच तर माझ्या कोंबड्यांना दाणं टाक. मारू नको."

पंप झाला, ट्रॅक्टर सुरू झाला, शेत नांगरलं. त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा माझ्या दारात उभी राहून मार्गशीर्षातली सकाळ पाहिली. सूर्य शेजारणीच्या घरामागून उगवतो. कुलूप लावलेल्या घरामागून. मी रोज तिच्या कोंबड्यांना दाणे टाकत होते आणि रोज ते कुलूप बघत होते. एके दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, तिचंही शेत नांगरून टाक. तो म्हणाला, न विचारता? बांध कुठं धरायचा यावरून ती भांडेल.

भांडू दे, मी म्हटलं. पण घरी राहून भांडू दे.