शेवटचं पान आधी

सिल्लोडहून रझियाआपांच्या भाच्याचा फोन आला, "खाला गेल्या..." आणि मी ‘कधी’ विचारायच्या आधी विचारलं, "कशानं?" विचित्रच वाटलं असेल त्याला. पण आपा असत्या तर त्यांनी हेच आधी विचारलं असतं. ही खोड मला त्यांचीच लागली.

आम्ही दोघी औरंगाबादेत एकाच मुलींच्या शाळेत शिकवायचो. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरची ती वर्षं. शाळा उर्दूची मराठी झाली आणि वरून हुकूम आला, मराठीची परीक्षा पास व्हा, नाहीतर घरी बसा. आपांचे अब्बा अंथरुणाला खिळलेले, सगळं घर त्यांच्या पगारावर. त्यांना मराठी शिकवायचं काम माझ्याकडं आलं. अक्षरं झाली, मग मी पहिलीचं पुस्तक पुढं ठेवलं तर भडकल्याच. "गणिताची बाई मी, आता बदकं मोजत बसू?" बरोबरच होतं त्यांचं. मग एका दुकानात पातळसं पुस्तक सापडलं. जुनी इंग्रजी खुनाची कादंबरी, नवशिक्यांसाठी सोप्या मराठीत, मोठ्या टायपात. आपांनी ते घेतलं आणि हाताच्या सवयीनं उर्दू पुस्तकासारखं उजवीकडून उघडलं. बोट ठेवून वाचलं, "खून... दिवाणजीनं... केला." मी कपाळावर हात मारला. अहो, ते शेवटचं पान! सगळी मजाच गेली. आपांचे डोळे मात्र हे एवढाले. "बाई, खुनी तर मिळाला, पन मेलं कोन?"

अन् सुटल्या की हो! एकेक प्रकरण उलटं वाचत निघाल्या. मी म्हटलं, "आपा, सरळ वाचा ना." तर म्हणाल्या, "नक्को. कुनी केलं त्यात काय ठेवलंय? का केलं ते बघू द्या की."

तोंडी परीक्षेला मी दाराबाहेर उभी. साहेबांनी एखादी गोष्ट सांगा म्हटलं. आतून आपांचा आवाज आला, "खून दिवाणजीनं केला." गेली नोकरी! पण साहेब म्हणाले, "का?" मग आपा सांगत सुटल्या, अडखळत, चुकत, हातवारे करत. साहेबांचं आपलं दर दोन वाक्यांनी, "बरं, पण का?" ऐन रंगात आपा थांबल्या. "का ते सांगते साहेब. पन आधी सांगा, माझी नोकरी राहिली का?" आत मोठ्यानं हसू फुटलं. "राहिली हो बाई, राहिली! सांगा लवकर!" बाहेर आल्या त्या माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडल्या. मीही रडले.

परवा सिल्लोडला जाऊन आले. आपांच्या खोलीत रहस्यकथांचं कपाट आहे. काढून पाहिलं तर सगळ्यांची शेवटची पानं मऊ पडलेली, पहिली त्यामानानं करकरीत. उशाशी एक पुस्तक होतं, त्यात खूण मधेच. म्हणजे खुनी कोण ते आपांना कळलं होतं, का ते वाचायचं राहून गेलं... फार वाईट वाटलं. भाच्याला विचारून ते घरी आणलं, आधी शेवटचं पान वाचलं आणि मग खुणेपासून उलटं, पार पहिल्या पानापर्यंत वाचून काढलं. का केलं ते मला कळलंय आपा. आता सांगू कुणाला?