बँडमास्तर काकांचं करडू

अख्ख्या मोताळ्यात जनावरांशी सुरात बोलणारा एकच माणूस आहे आणि तो आमच्या शेजारी राहतो. लग्नाच्या बँडचे मास्तर असलेल्या या काकांनी एकदा भर वरातीत नवरदेवाची घोडी थांबवली होती. का, तर गोठ्यातल्या शेळीने लावलेला सूर त्यांना क्लॅरोनेटवर पकडायचा होता. वरात ताटकळली, घोडीसुद्धा कंटाळली, काका मात्र शेळीला दाद देत होते. एसटीचा ब्रेक करकरला तरी ते ड्रायव्हरला त्याचा सूर सांगायला जायचे.

याच काकांनी नातीसाठी हरवलेल्या करडाची गोष्ट रचली आणि ती सगळ्या बँडवर बसवली. करडू म्हणजे क्लॅरोनेट, त्याची माय सॅक्सोफोन आणि लांडगा म्हणजे मोठा ढोल. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून गोष्ट सांगायला त्यांनी मला धरलं. वाजवणाऱ्यांपैकी कुणालाच लिहिलेले सूर वाचता येत नव्हते. माझं ठरलेलं वाक्य कानावर आलं की ज्याने त्याने वाजवायचं. महिनाभर तालीम चालली.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला पुण्याचे पाहुणे पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना पाहिलं आणि काकांचे शब्द माझ्या तोंडातून निघेनात. ‘करडू मायले म्हणे, मले भेव लागून राह्यलं’ याचं मी ‘करडू आईला म्हणालं, मला भीती वाटते आहे’ असं करून टाकलं. ढोलवाला हात उगारून त्या वाक्याची वाट पाहत होता, तो तसाच राहिला. पुढे सगळंच घसरलं. करडाच्या जागी लांडगा ओरडला आणि लांडग्याच्या जागी माय. लोक हसले, पाहुणे हसले, आणि सांगायला लाज वाटते, बँडकडे पाहून मान हलवत मीही हसलो.

मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, “चूक माहीच हाय. सरायले काही बोलू नका.”

मी पाहुण्यांना चहा द्यायला निघून गेलो.

यंदा बुद्धविहारासमोर त्यांनी तीच गोष्ट पुन्हा वाजवली. सांगायला नात होती. तिने एक शब्द बदलला नाही. लांडगा आला तशी लहान पोरं आयांच्या कुशीत शिरली. संपल्यावर मी काकांजवळ गेलो आणि त्या दिवशी शब्द मीच बदलले होते, हे कसंबसं सांगितलं.

“मले तवाच समजलं होतं,” क्लॅरोनेट पुसत ते म्हणाले. “पण तुमचा आवाज चांगला हाय, सर. येता का उद्या तालमीले?”

मी हो म्हणालो. अजून गेलेलो नाही. संध्याकाळी त्यांच्या अंगणात सूर लागतो, तेव्हा मी खिडकी तेवढी उघडी ठेवतो.