गुडघ्याखालची गाठ

९ जूनला दुकानाने ६४० रुपयांचं एक उंच स्टूल घेतलं. ते उभेरावांसाठी होतं. त्यांनी त्याला पिशवी अडकवली आणि शेजारी उभे राहिले.

उभेराव हे नाव आम्हीच ठेवलेलं. कापडाच्या काउंटरवरच्या माणसाने बसायचं नाही, ही मालकांच्या वडिलांची शिस्त. इतरांनी ती केव्हाच सोडली, यांनी नाही. बायको गेल्यापासून ते एका खोलीत एकटे राहत. गिऱ्हाइकाशी होईल तेवढंच त्यांचं दिवसभराचं बोलणं.

डाव्या घोट्याजवळची त्यांची जखम महिनोनमहिने भरत नव्हती. पायाच्या शिरा टरटरून फुगलेल्या. महिनाअखेरपर्यंत बरी झाली नाही तर काउंटर सोडून तळघरातल्या गोदामात बसा, असं मालकांनी सांगितलं. म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी विजार वर करायला लावली, तर गुडघ्याखाली मांजरपाटाची पट्टी करकचून आवळलेली. ताग्यांचा गठ्ठा बांधतात तशी गाठ. रक्त खाली साचतंय तर वरूनच अडवावं, असा त्यांचा हिशेब.

“काका, उतरणारं नाही, चढणारं रक्त अडवलंत तुम्ही,” बाई म्हणाल्या.

मग त्यांनी नीट समजावलं. हृदय रक्त जोराने ढकलतं, ते खोलवरच्या धमन्यांतून खाली पोचतंच. परतताना तो जोर उरत नाही. चालताना पोटरी शिरांना पिळते, तेव्हा रक्त वर सरकतं. शिरांच्या आत वरच्या दिशेनेच उघडणाऱ्या झडपा असतात, त्या चढलेलं रक्त मागे घसरू देत नाहीत. असं टप्प्याटप्प्याने ते हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात जातं. उभेरावांच्या झडपा सैल पडल्या होत्या, आणि एका जागी उभं राहून पोटरी हलतच नव्हती. पट्टी बोटांपासून वर बांधायची, खाली घट्ट, वर सैल.

घरी बांधायला कोण आहे, असं बाईंनी विचारलं. आहेत, म्हणाले. मी पट्टीची पावती दुकानाच्या नावे करून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी ते माझ्या टेबलाशी आले आणि पट्टी पुढे केली. कंबर वाकत नव्हती. मी गुंडाळली ती घोट्यावरूनच घसरली.

“हिशेबनीस, पैसा आवळता तशी आवळा की.”

रोज बांधत गेलो, जखम आक्रसू लागली. पण रविवारी दुकान बंद, आणि सोमवारी पाय पुन्हा टम्म. मी रविवारी घरी येतो म्हटलं, तर खोलीत पसारा आहे म्हणाले. पुढे कळलं, रविवारी ते स्वतःच बांधत, हात पोचेल तिथे. म्हणजे गुडघ्याखाली.

महिनाअखेर जखम बोटभर उरली होती. मालक वाईट नाहीत, पगार त्यांनी तोच ठेवला.

आता उभेराव तळघरात खोक्यावर पाय ठेवून बसतात. सकाळी मी खाली जाऊन पट्टी बांधतो. डिसेंबरअखेर मी निवृत्त होतोय. परवा विचारलं, कसं वाटतं.

“पाय बरा आहे. बोलायला तागे आहेत.”

पहिली सैल पडल्यावर घेतलेल्या दुसऱ्या पट्टीचे ९० रुपये त्यांनी खिशातून भरले. ते दुकानाकडून त्यांना अजून येणे आहेत.