थांबायला शिकवलेला बैल

त्या बैलाला थांबायला मी शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे जाऊन माझी जीभ अडखळेल.

महागाव तालुक्यातल्या आमच्याच गावात मी शाळेत खेळ शिकवते. आवाज मोठा, राग नाकावर आणि गळ्यात कायम स्टॉपवॉच. म्हणून गावच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, घडीच्या टेबलावर मलाच बसवत. पहिल्या वर्षी काही जण कुरकुरले, घडीवर बाईमाणूस कायले म्हणून. मी म्हटलं, मग तुम्ही बसा, पण चष्मा लावून या. त्यानंतर कोणी बोललं नाही.

आमच्याकडे पटात जोड्या एकमेकींशी पळत नाहीत, घडीशी पळतात. एकेक जोडी हलकी छकडी घेऊन सुटते आणि शेवटची दोरी तुटली की फलकावर सेकंद दिसतात. कमिटीचा एक नियम होता. गावगटातली जोडी दहा सेकंदांच्या आत आली, तर तिला मोठ्या गटात बाहेरगावच्या नामी बैलांसमोर पळायचं. साध्या जोड्यांनाही बक्षीस मिळावं म्हणून केलेला नियम. पण आमची माणसं कुठली सरळ चालायला! ज्यांचे बैल तेज, ते छकडी हाकणारे धुरकरी शेवटच्या दहा हातांवर कासरा ओढायचे आणि दहाच्या जरा वर येऊन गावगट मारायचे. याला 'घडी राखणं' म्हणत. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे हसून सोडून देत.

माझ्या दादाला हे जमत नव्हतं. कधी आधीच ओढायचा, कधी ओढायचंच विसरायचा. मला राहवेना. दिवाळीनंतर रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर दोन खांबांना दोरी बांधली. दादा जोडी पळवायचा, दोरीच्या अलीकडे ओढायचा आणि उजवा बैल थांबला की मी त्याला गुळाचा खडा द्यायची. पंधरा दिवसांत तो कासरा ओढायच्या आधीच पाय रोवू लागला. काय आनंद झाला होता मला! वर्षभर घसा फोडूनही पोरं शिट्टीवर थांबत नाहीत, आणि हा मुका जीव थांबत होता.

पटात दोरीजवळ उजवा थबकला, दादानं डाव्यालाही आवरलं आणि दहाच्या जरा वर दोरी तोडून जोडी गावगटात पहिली आली. बक्षिसाचा कूलर घरी आला. जीव तोडून पळालेली एका म्हाताऱ्या काकांची जोडी दुसरी आली. ते टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, शायेत पोरायले हेच शिकवता का?"

मी भडकले. "घडी खोटी आहे का, काका? नियमात कुठं लिहिलंय, ओढू नका म्हणून? हरलं की बरी शाळा आठवते!" साऱ्या गर्दीनं ऐकलं. ते दुपट्ट्यानं तोंड पुसून निघून गेले. त्यांचं बरोबर होतं. मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर एवढी भडकले.

पुढच्या वर्षी दादाच्या मनात आलं, आता मोठ्या गटात खरंखुरं पळायचं. शेताच्या वाटेवर सरावात जोडी भन्नाट पळायची, पण तिथं दोरी नव्हती. मला त्या गुळाची आठवण झाली नाही असं नाही. वाटलं, बैलच तो, विसरला असेल.

तो विसरला नव्हता. पटात दोरी दिसताच त्यानं पाय रोवले. डावा पळतच राहिला, छकडी गर्रकन फिरली आणि दादा खाली फेकला गेला. त्याचा खुबा मोडला. तो धुळीत ओरडत होता, माणसं धावत होती, आणि तो बैल माझ्या टेबलाकडे मान वळवून उभा होता. गुळाची वाट पाहत होता. आजही डोळे मिटले की तो तसाच उभा दिसतो.

दुसऱ्या दिवशी लोकांनी दोरीखालची जागा खणली. सुकलेलं लिंबू निघालं. अरे, जिथं अर्ध्या छकड्यांना लिंबू-मिरची बांधलेली, तिथं लिंबू निघणार नाही तर काय सोनं निघणार? पण गावानं ठरवून टाकलं, करणी झाली. कोणी केली? गेल्या वर्षी मॅडमशी भांडला, त्यानं. काकांना लग्नाचं बोलावणं बंद झालं. ते पारावर येऊन बसले की बाकीचे उठून जात.

मी दादाला म्हटलं, गावाला गुळाचं सांगते.

"चूप राह्य," तो खाटेवरून म्हणाला. "करणी म्हणून राह्यले त लोकं कीव करतीन. गुळाचं सांगशीन त हासतीन. अन् तुह्या नोकरीचं काय?"

मी गप्प राहिले. दादाचं नाव पुढे करते, पण भीती माझीच होती.

पुढचा पट तोंडावर आला तेव्हा मात्र काकांच्या अंगणात गेले आणि सगळं सांगितलं. ते ऐकून जरासुद्धा चमकले नाहीत. "मले माहीत हाय. तुमच्या मैदानामागूनच त माह्या वावराची वाट हाय. रोज पाह्यत होतो, तुमी त्याले गूळ चारत होत्या."

"मग बोलले काहून नाही?"

"माह्यं कोण आयकलं असतं, बाई? तुमचं आयकलं असतं." मग म्हणाले, "मले नोका सांगू. पटाच्या दिवशी भोंग्यावर सांगा. सारं गाव राह्यते."

मी हो म्हटलं. पटाला आठ दिवस असताना ते गेले. खांद्याला गावातलं कोणी आलं नाही. त्यांच्या सासुरवाडीचे चौघे टेम्पोनं आले. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. मला कोणी खांदा देऊ दिला नसता, पण तोंड तर होतं ना मला! तेही उघडलं नाही.

पटाच्या दिवशी पहिली जोडी सुटायच्या आधी मी माईक हातात घेतला. दोरी, कासरा, गूळ, सगळं सांगितलं. काकांनी काही केलं नव्हतं, असं तीनदा म्हटलं. रडलेसुद्धा.

मग कमिटीच्या अध्यक्षांनी माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, "पाहा, मॅडमचं मन किती मोठं हाय. ज्यानं भावाले लंगडा केला, त्याले मेल्यावर माफ केलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.