विधवा शब्दाची फोड

लग्न होऊन विमल घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीत आली, तेव्हा नवऱ्याइतकाच तिला सासऱ्यांच्या पुस्तकांचा लोभ होता. श्रीकृष्णपंत, घरातले अण्णा, संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. बडोद्यात त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांचा मुलगा दत्तात्रेय नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात शिफ्टवर जायचा. "तुला नवरा नको होता, वाचनालय हवं होतं," असं तो बायकोला चिडवायचा.

अण्णांची नजर अधू होत गेली, तसं नात्यांच्या शब्दांवरच्या त्यांच्या पुस्तकाचं काम विमलकडे आलं. वाचायची ती, टिपणंही तीच काढायची. 'विधवा' शब्दापाशी दोघांचं वाजलं. अण्णा जन्मभर शिकवत आले होते, वि म्हणजे विना, धव म्हणजे नवरा.

"वेदात विधवा आहे अण्णा, पण नवरा या अर्थाचा धव कुठे आहे? तो मागाहून येतो," विमल म्हणाली. "लॅटिनमध्ये विदुआ, रशियनमध्ये व्दोवा, इंग्रजीत विडो, फारसीत बेवा. यांच्याकडे धव नाहीच. सगळ्यांचा धातू एक, अर्थ वेगळं होणं, रितं होणं. आपल्या लोकांनी एकसंध शब्दाचे चुकीचे तुकडे पाडले आणि त्यातून नवरा काढला."

अण्णा आठवडाभर तुटक बोलले. मग एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "तुझं बरोबर आहे. लिहून घे." विमलला तो दिवस सणासारखा गेला.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात कारखान्यात वायू गळला. आत राहिलेल्या एका कामगाराला ओढून काढायला दत्तात्रेय गेला, तो बाहेर आला नाही. मुलगी अवंती तेव्हा जेमतेम बोलू लागली होती.

पांढरं नेस असं विमलला कुणी म्हटलं नाही. घर सुशिक्षित होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सासूबाई, इंदिराबाई, एवढंच म्हणाल्या, "तू आत वाणाचं बघशील ना?" पुढे चुलत दिराचं लग्न, भाचीचं डोहाळजेवण. दर वेळी तिच्यासाठी आतलं काहीतरी काम निघायचं. अण्णांची नजर गेली होती, कान शाबूत होते. ते एका शब्दानं काही बोलले नाहीत.

पुस्तक छापून आलं. प्रस्तावनेत 'सूनबाईंनी लेखनिकाचे काम आपुलकीने केले' अशी एक ओळ होती. अण्णांच्या पंच्याहत्तरीला गावातल्या नव्या एअरकंडिशन्ड हॉलमध्ये सत्कार ठरला. व्यासपीठावर पाच सुवासिनींनी त्यांना ओवाळलं. विमल अवंतीला घेऊन मागच्या रांगेत बसली होती. अण्णा नेमके 'विधवा' शब्दावर बोलले. विदुआ, व्दोवा, बेवा. वाक्यं तिचीच होती, क्रमही तिचाच. शेवटी ते म्हणाले, "आपल्या पूर्वजांनी या स्त्रीला नवऱ्याच्या मापानं मोजलं नव्हतं." टाळ्यांचा कडकडाट झाला.

कुणाला काही विचारायचंय का, असं सूत्रसंचालकांनी म्हटलं आणि विमल उठली.

"अण्णा, मग मघाशी ओवाळायला मला का बोलावलं नाही?"

अण्णांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. हसले. "सूनबाई, हा काही भाषाशास्त्राचा प्रश्न नव्हे."

हॉल हसला. शेजारच्या गुजराती बाईंनी तिचा पदर हलकेच ओढला. "बेसी जाव, बेन."

घरी तिला कुणी रागावलं नाही. नेहमीसारखी खिचडी-कढी झाली. दुसऱ्या दिवशी तिनं अण्णांना सांगितलं, "मी शाळेत नोकरी धरतेय. वाचून दाखवायला आता जमायचं नाही."

पुस्तकाचा दुसरा खंड तिथेच राहिला. अण्णा दुपारभर मांडीवर कागद घेऊन बसत, त्यांवरून बोटं फिरवत. विमल समोरून जाई-येई. एखाद्या शब्दाचं मूळ डोक्यात घोळत असलं तरी ओठ मिटून घेई. त्यांना शिक्षा करता करता आपलंही उपाशी मरणं चाललंय, हे तिला कळत होतं. तरी तिनं एकदाही कागद हातात घेतला नाही.

दोन हजार एकच्या भूकंपानंतरच्या पावसाळ्यात अण्णा गेले. नात्यातल्या दोन बायका इंदिराबाईंजवळ सरकल्या, तशी विमल मध्ये उभी राहिली.

"आईंच्या बांगड्यांना कुणी हात लावायचा नाही."

बायका थबकल्या. इंदिराबाईंनी मात्र आपणच मनगट पुढे केलं.

"बाजूला हो, विमल. मला याच लोकांत राहायचंय." मग जरा थांबून, आवाज न चढवता म्हणाल्या, "आणि तू तरी काय केलंस? दत्ता गेला तेव्हा तुला कोणी सांगितलं होतं? खोलीचं दार लावून तूच उतरवल्यास."

ते खरं होतं. विमल बाजूला झाली.