हात अडकला तेव्हाचे हेमराजभाऊ

हेमराजभाऊ माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते रागावूनच. भंडाऱ्यात बस स्थानकामागे एका दुकानाच्या माडीवर स्नूकरची दोन टेबलं होती. आमच्या तांदळाच्या व्यापाराच्या कामानं मी तुमसरहून तिथं येई आणि काम आटोपलं की माडी चढे. आपण बरे खेळतो असा माझा समज होता. त्या दुपारी मी लाल चेंडूंवर धाडधाड क्यूची काठी चालवत असताना शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ खेळ थांबवून माझ्यापाशी आले.

"चेंडूनं काय बिघडवलं तुमचं? एवढा राग काहून काढून राहिले?"

मी चिडलो. "खेळता का मग?" म्हणालो. ते खेळले, आणि पुढचा तासभर मी बहुतेक खुर्चीतच बसून होतो. हे राज्याच्या संघातून खेळणारे करडी गावचे हेमराजभाऊ, हे जिना उतरताना मालकांनी सांगितलं. दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांचा सरावाचा जोडीदार झालो, तो आजतागायत आहे.

करडीत त्यांच्या घरची धानाची शेती. वडील लवकर गेले आणि थोरले बंधू तुळशीरामदादा यांनी शेत अंगावर घेतलं. धाकट्यानं शिकून नोकरी धरावी म्हणून त्यांनी त्याला भंडाऱ्याच्या महाविद्यालयात पाठवलं. हेमराजभाऊ शिकले, पण नोकरीऐवजी त्यांनी हे टेबल धरलं. आपल्या जिल्ह्यातला माणूस या खेळावर घर चालवील, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर लोक हसले असते. भाऊ स्पर्धा खेळत, नागपुरात शिकवत, क्लबांमध्ये प्रदर्शनी सामने करत. मुंबई, कोलकाता, पुढे बँकॉकलाही जाऊन आले. मंदावहिनींनी दोन मुलं आणि घर सांभाळत हा बेभरवशाचा संसार निभावला, हे त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात नोंदवलंच पाहिजे.

पैज लावून ते कधीही खेळले नाहीत. गोंदियाच्या एका प्रदर्शनी सामन्यात प्रेक्षकांत पैजा लागल्याचं कळताच त्यांनी क्यू पेटीत ठेवला. आयोजक विनवत राहिले. भाऊ एवढंच म्हणाले, "मी खेळाले आलो होतो. तुम्ही दुसरंच काही करून राहिले." आणि पुढच्या गाडीनं परत आले.

अशा माणसाचा हात एक दिवस अडकला.

राष्ट्रीय स्पर्धेतला सामना होता. काळा चेंडू पॉकेटच्या तोंडाशी होता. भाऊ वाकले, क्यू मागे नेला, आणि तो पुढे येईना. कोपर कुणीतरी धरून ठेवावं तसा हात जागीच थांबला. अखेर झटका बसावा तसा क्यू सुटला आणि चेंडू भलतीकडे गेला. एखाद्या वेळी होतं, असं आम्ही म्हणालो. पण ते पुन्हा झालं आणि मग होतच राहिलं. नागपूरच्या डॉक्टरांनी हात तपासला, मान तपासली. कुठं काही सापडलं नाही. वहिनी म्हणायच्या, "घरी पाण्याचा गुंड उचलतात तवा हात चांगला राहते. टेबलावरच काहून असा करते?" ते हरू लागले. शिकायला येणारे कमी झाले. माडीवर ते आले की गप्पा बंद होत. ती शांतता त्यांना ऐकू येत असणार.

त्या वर्षी राज्य स्पर्धा नागपूरला होती, नेमकी रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत. तुळशीरामदादांनी निरोप पाठवला होता, "बस झालं आता. गावाले ये." भाऊंनी शब्द दिला की या स्पर्धेत अंतिम फेरी गाठली नाही तर क्यू सोडून करडीला येतो. त्यानंतर ते खेळत गेले. हात अडखळत होता, तरी अनुभवाच्या बळावर उपांत्य फेरीपर्यंत आले. तिथं त्यांच्यासमोर मी होतो.

सकाळी चहाच्या टपरीवर त्यांनी मला बाजूला घेतलं. "गिरीश, दादा येऊन राहिले मले न्यायले. तुले सारं माहीत आहे. पण मले एकही चेंडू सोडला, तं मी तुयं तोंड पाहणार नाही."

दादा खरंच आले होते. धोतर, खांद्यावर पिशवी, पायांवर चिखलाचे वाळलेले डाग. धाकट्या भावाचा खेळ ते आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. पहिल्या रांगेत, हात गुडघ्यांवर ठेवून ते ताठ बसले होते.

सामना बरोबरीत आला आणि शेवटच्या फ्रेमवर, म्हणजे शेवटच्या डावावर, सगळं येऊन ठेपलं. टेबलावर निळा, गुलाबी आणि काळा एवढेच रंग उरले. मी पुढे होतो. तिन्ही टाकले तरच भाऊ जिंकणार होते. निळ्यावर माझा नेम चुकला. तो त्यांच्यासाठी दूर राहिला, हात पोचणार नाही इतका. त्यांनी रेस्ट घेतली. रेस्ट म्हणजे पुढे पितळी फुली असलेली लांब काठी; हात पोचत नाही तेव्हा क्यू तिच्यावर टेकवून मारतात. निळा सरळ पॉकेटमध्ये गेला.

गुलाबी मात्र त्यांच्यासमोर, अगदी हाताशी होता. नवशिक्याही चुकला नसता. भाऊ वाकले. क्यू मागे गेला आणि थांबला. ते उभे राहिले, क्यूच्या टोकाला खडू लावला, पुन्हा वाकले. पुन्हा तेच. मागे कुणीतरी खाकरलं. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. तिसऱ्यांदा वाकले तेव्हा त्यांच्या मनगटाची शीर ताणलेली मला माझ्या जागेवरून दिसत होती. ते सरळ झाले आणि तसेच उभे राहिले. आता ते हात मिळवायला माझ्याकडे येतील असं मला वाटलं.

ते खाली वाकले आणि त्यांनी टेबलाखालची रेस्ट काढली.

सभागृहात हशा पिकला. वीतभर अंतरावरच्या चेंडूला रेस्ट! पंचांनीही चमकून पाहिलं. पण नियमात आडकाठी नव्हती. रेस्टवर कोपर वेगळं चालतं, बाहेरच्या बाजूनं. हात पुढे आला, अडकला नाही. गुलाबी पडला.

आता फक्त काळा. भाऊंनी रेस्टनंच मारला. काळा पॉकेटच्या कडेला लागून फिरला, टेबल ओलांडून आला आणि समोरच्या पॉकेटपाशी थांबला. माझी पाळी होती, आणि मी तो टाकला. सामना मी जिंकलो.

हात मिळवताना ते म्हणाले, "चांगला मारला."

बाहेर व्हरांड्यात भाऊ दादांच्या समोर जाऊन उभे राहिले. "चला दादा. शब्द दिला होता."

दादांनी पिशवी खाली ठेवली. "हरला हे तं मले समजलं. पण तो गुलाबी चेंडू गेला न?"

"गेला."

"हात चालला न तुया?"

"चालला दादा."

"मंग कायले येतं गावाले? रोवणीले माणसं भेटतात मले." दादांनी पिशवी खांद्यावर घेतली आणि ते एकटेच बस स्थानकाकडे चालू लागले. भाऊ खांबाला धरून रडले. आम्ही त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

त्याच संध्याकाळी माझ्या लॉजच्या दारावर थाप पडली. "चाल. उद्या फायनल आहे न तुयी?" क्लब बंद होईपर्यंत त्यांनी मला सराव दिला. दुसऱ्या दिवशी मी हरलो, ती गोष्ट वेगळी. पण ज्यानं आपल्याला हरवलं त्याच्यासाठी त्या संध्याकाळी उभे राहणारे दुसरे कुणी मला माहीत नाहीत.

पुढचा सबंध हंगाम भाऊ जवळचे चेंडूही रेस्टनं मारत राहिले. लोकांनी त्यांना 'काठीवाले' नाव ठेवलं, ते त्यांनी ऐकून घेतलं. हळूहळू हात मोकळा होत गेला, आधी लांबच्या चेंडूंवर, मग जवळच्या. त्यानंतरच्या राज्य स्पर्धेत अंतिम सामन्यात त्यांनी मला हरवलं आणि आपलं स्थान परत मिळवलं.

आज भंडाऱ्यात ते मुलींना शिकवतात. एकोडी गावची प्रणाली तिथं येऊ लागली तेव्हा तिचे वडील तावातावानं माडीवर आले होते. "पोरगी अड्ड्यावर जाऊन राहिली म्हणतात लोकं!" भाऊंनी त्यांच्यासाठी खुर्ची मांडली. "बसा. दिवसभर बसा. वावगं दिसलं तं घेऊन जा तिले." ते गृहस्थ सायंकाळपर्यंत बसले आणि जाताना विचारून गेले, "उद्या किती वाजता आणू?" प्रणाली यंदा राज्याच्या संघात आहे.

या लेखाचं सांगायला मी फोन केला, तेव्हा भाऊ म्हणाले, "जितल्याचं सारेच लिहितीन. तू हरल्याचं लिहिजो." म्हणून तेच लिहिलं.

भाऊ, गेल्या हिवाळ्यात तुमच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा दवाखान्याच्या त्या बाकावर वहिनी, दादा आणि मी एकमेकांकडे न पाहता बसलो होतो. आम्हाला पुन्हा तसं बसवू नका. सकाळचं चालणं चुकवू नका, गोळ्या वेळेवर घ्या, वहिनींचं ऐका. साठी झाली, आता सत्तरी, ऐंशी, शंभरी अशीच उभ्यानं, टेबलाभोवती फिरत गाठा. आम्हाला तुमच्याकडून अजून पुष्कळ वेळा हरायचं आहे.