भावकूचा दुसरा हात

वडगावात भावकूला कधी कुणी नावं ठेवली नाहीत, आणि खरं सांगायचं तर तेच त्याचं दुखणं होतं. कुणी एकदा भर रस्त्यात तोंडावर थुंकलं असतं तर बिचारा सुटला असता. पण विणकरांची आळी मोठी मायाळू. आपल्या माणसाचं पाप झाकायचं म्हटलं की घराघरातून पांघरुणं निघतात, आणि मग त्या पांघरुणाखाली माणूस जन्मभर घुसमटतो.

भावकू मागावर लुगडी विणायचा. बॉक्सिंगचा नाद त्याला लागला तो बेळगावच्या कॅम्पात. पंचे विकायला तिकडं जायचा आणि कुंपणाबाहेर उभा राहून गोऱ्या शिपायांची ठोसेबाजी बघत बसायचा. पंचे तसेच घेऊन परत यायचा, घरी बोलणी खायचा. पुढं पलटणीतून निवृत्त झालेल्या एका हवालदारानं त्याला हाताशी धरलं आणि चार गोष्टी शिकवल्या. त्याच सुमारास एका ठेकेदारानं नाटकाच्या तंबूत तिकीट लावून हे सामने भरवायला सुरुवात केली. जिंकणाऱ्याला बक्षिसाचे पैसे मिळत, हरणाऱ्याच्याही हातावर काहीबाही पडे. लोक त्याला ठोशांची कुस्ती म्हणत आणि कुस्तीपेक्षा जास्त गर्दी करत. दिवसभर मागाच्या खड्ड्यात बसून धोटा फेकणारा भावकू तिथं दोन-तीन सामने जिंकला, आणि वडगावची मान ताठ झाली.

मग रवळूचं नाव निघालं. रवळू काकतीचा. घरची शेती, पण पलटणीत काही वर्षं काढून बॉक्सिंग शिकून आलेला, अंगानं दांडगा, स्वभावानं गरीब गाय. त्याच्याशी भावकूची जोड लागली तेव्हा वडगावात सगळ्यांनी छाती पुढं काढली आणि आतून सगळ्यांची पाचावर धारण बसली. त्यात आधीच्या सामन्यात भावकूची बोटं सुजली होती. विणकराची बोटं गेली की चूल गेली. भावकूचा थोरला भाऊ नागोजी हाच त्याचे हात बांधायचा, आणि या सुजेची काळजीही त्यालाच जास्त होती.

मागाच्या ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, खळ लागते. जोंधळ्याचं पीठ शिजवून केलेली पातळ लापशीच ती, पण सुताला पाजून वाळवली की सूत कडक होतं, तुटत नाही. विणकराच्या घरात खळ शिजवणं बाईचं काम. सामन्याच्या आदल्या दिवशी नागोजी भावकूच्या बायकोला म्हणाला, "यल्लव्वा, आज खळ जरा घट्टच कर." ताणा जाडा असेल असं समजून तिनं घट्ट खळ केली. नागोजीनं त्यात जाड्याभरड्या कापडाच्या पट्ट्या बुडवल्या, उन्हात वाळवल्या, परत बुडवल्या, परत वाळवल्या. ही अक्कल शेतकऱ्याला सुचली नसती, शिपायालाही नाही. ती विणकरालाच सुचायची.

तंबूमागच्या कनातीत भावकूनं उजवा हात पुढं केला. पट्टी गुंडाळताना करकर वाजली. मूठ वळून बघितली तर ती मूठ राहिली नव्हती, खुंटा झाला होता.

"अण्णा, ह्ये काय?"

"हाताला आधार. बोटं मोडून घ्याची हाईत काय?"

भावकूला कळलं. तो काही दूधखुळा नव्हता. त्या पट्टीनं हाडाला आधार मिळतो तसा समोरच्याच्या तोंडावर दगडही बसतो, हे त्याला लख्ख कळलं. बाहेर लोक त्याच्या नावानं ओरडत होते. नागोजी दुसरी पट्टी घेऊन वाट बघत होता. भावकूनं डावा हात पुढं केला.

आता, पहिला हात फसवून बांधला गेला असं कुणी म्हणेल, आणि म्हणावंही. दुसरा मात्र त्यानं स्वतः पुढं केला. या गोष्टीतली सगळी लाज त्या दुसऱ्या हाताची आहे.

पंचांनी हातमोजे वरवर चाचपले आणि सोडून दिलं. रवळू चांगला खेळत होता, पण भावकूचा ठोसा बसला की तो नवल वाटल्यासारखा त्याच्याकडं बघायचा. त्या बघण्यात राग नव्हता, थोडं कौतुकच होतं. चौथ्या फेरीत त्याची डावी भुवई फुटली, डोळा मिटला. भावकू थांबू शकला असता. तो मिटलेल्या डोळ्यावरच मारत राहिला, कारण खेळात तसंच मारतात, आणि कारण एकदाचं ते लवकर संपावं असं त्याला वाटत होतं. रवळू गुडघ्यावर बसला तो उठलाच नाही.

आळीतल्या चौघांनी भावकूला खांद्यावर घेतलं, कुणी हातमोजे ओढून काढले. घामानं भिजलेल्या पट्ट्यांना खळीचा आंबूस वास सुटला होता. ते चौघं विणकर, मागं नाचणारे शंभर जण विणकर. आईच्या दुधाआधी ज्यांच्या नाकात खळ गेली, त्यांना तो वास कळला नाही म्हणता? नाचणाऱ्यांचे पाय जागीच थांबले. मग एकानं हलगीवाल्याला वाजव म्हणून खुणावलं, आणि मिरवणूक वडगावाकडं निघाली. त्या दिवसापासून आळीत जी अळीमिळी गुपचिळी झाली, ती झालीच.

घरी यल्लव्वानं आरती ओवाळायला तबक आणलं, त्याच्या हातांवरच्या खळीच्या पट्ट्या बघितल्या, आणि तबक घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी खळीचं पातेलं तिनं त्याच्यापुढं ठेवलं. "ह्येच्याम्होरं तुमची तुमी शिजवा," एवढंच म्हणाली. तेव्हापासून भावकू स्वतः चुलीपुढं बसून खळ ढवळू लागला. वडगावात असा पुरुष दुसरा नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दिसायचं, का ते ठाऊक असायचं, आणि कुणी चकार शब्द काढायचा नाही.

भावकूनं परत हातमोजे घातले नाहीत. निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यांनी माणूस धाडला, चिकोडीहून बोलावणं आलं. बोटं धरून राहिलीत असं सांगून त्यानं टाळलं. नागोजीला कसलीच खंत नव्हती. तो पुढं तापानं गेला तोही भावाचा मोठेपणा सांगत.

रवळूचा डावा डोळा हळूहळू गेला. आधी धुरकट, मग अंधार. बैल डावीकडं असला की सबंध मान वळवावी लागायची. एवढं होऊनही या भल्या माणसानं भावकूचा शोध काढला, आणि बाजाराला आला की वडगावला चक्कर टाकू लागला. कट्ट्यावर बसायचा, पान खायचा, हसून म्हणायचा, "तुझ्यासारखा हात न्हाय बघितला रं कुटं." भावकू मान खाली घालून सूत उकलत बसायचा. रवळूला वाटायचं, माणूस लाजाळू आहे. सांगून टाकावं असं भावकूच्या मनात दर खेपेला यायचं, पण तो पानाचा डबाच पुढं सरकवायचा, आणि रवळू उठून गेला की आपल्यासारखा भेकड आपणच, असं म्हणत तो रात्रीचं जेवण टाकायचा. आणि पुढच्या बाजाराला तेच.

वर्षं गेली. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत सुताचा दुष्काळ पडला होता तेव्हा रवळूच्या लेकीचं, जयाबाईचं लग्न ठरलं. रवळूनं हट्टच धरला की लग्नातलं लुगडं भावकूच्याच हातचं पाहिजे. भावकूनं कुठून कुठून सूत जमवलं आणि असं लुगडं विणलं की आळीतली माणसं बघायला येऊन गेली. जणू तेवढ्यानं फिटणार होतं.

लुगडं न्यायला रवळू आला. घडी मांडीवर घेऊन त्यानं हात फिरवला आणि यल्लव्वाला म्हणाला, "वैनी, मी मांडवात सांगणार हाय. ज्या हातानं माझा डोळा नेला, त्याच हातानं माझ्या पोरीला नेसवलं. हाय का असलं दुसरीकडं कुटं?"

यल्लव्वा दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो मागाच्या खड्ड्यात, धोटा हातात धरून, खाली बघत होता. तिनं थोडी वाट पाहिली. त्याच्या तोंडून काही येत नाही असं दिसल्यावर ती खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. खळ कुणी शिजवली, कुणी बुडवली, कुणी बांधली. आवाज चढवला नाही, रडली नाही.

भावकूला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट आपल्या वाटची एवढी एक गोष्टही आपण केली नाही, ती बायकोनं केली, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रवळूनं मान पूर्ण वळवून उजव्या डोळ्यानं त्याच्याकडं बघितलं. "तुला ठाव होतं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"एक हात बांधून झाल्यावर."

रवळूनं मांडीवरची घडी नीट केली. मग विचारलं, "आनि कुनाकुनाला म्हाईत हाय?"

"वडगावात सगळ्यास्नी," यल्लव्वा म्हणाली.

"काकतीत?"

"कुनालाच न्हाय."

"मला गावात कुनी काना म्हनत न्हाय, वैनी," रवळू सावकाश म्हणाला. "भावकूचा ठोसा खाल्लेला गडी म्हंत्यात. सोयरीकबी त्या नावावर जमली. आता पिठानं डोळा गेला म्हनून सांगत फिरू? तुमास्नी सांगून मोकळं व्हायला बरं वाटलं आसंल. मला काय ऱ्हायलं?"

 रवळूनं लुगडं धोतराच्या सोग्यात बांधलं आणि उठला. भावकूला वाटलं, आता हा मारेल, आणि मारावं असं त्याला मनापासून वाटलं. पण रवळू दारातूनच म्हणाला, "लग्नाला यायचं. दोघांनीबी. आनि मी बोलंन त्याला व्हय म्हनायचं."

दोघं गेले. काकतीच्या मांडवात जेवणं उरकल्यावर रवळूनं भावकूला पुढं बोलावलं, त्याचं मनगट धरलं आणि हात व्याह्यांपुढं उंच केला. "ह्यो भावकू. आनि ह्यो त्येचा हात. सरळ मारलेला ठोसा, तरीबी डोळा गेला. व्हय का न्हाय रं?"

"व्हय," भावकू म्हणाला.

म्हातारे पुढं आले, त्यांनी त्याची मूठ चाचपली, माना डोलावल्या. कुणी टोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली. हार झाला, नारळ झाला. भावकूचा हात खाली यायला लागला की रवळू मनगट आवळायचा आणि परत वर करायचा. यल्लव्वा बायकांत बसली होती, ती उठून मांडवाबाहेर गेली.

पुढं दर वर्षी काकतीच्या जत्रेला रवळूचा निरोप येत राहिला, हात दाखवायला ये म्हणून. भावकूनं एकदाही नाही म्हटलं नाही.